आपद्धर्माची मर्यादा

माणसें एकत्र न येतां त्यांच्या हातून एकत्र असें कांहीं निर्माण होऊं शकतें काय, हा प्रश्न एरवीं तर्कशास्त्र्यांच्या विरंगुळ्याचा ठरला असता. सन २०२० च्या महामारीनें तो रोजच्या व्यवहारांतला करून टाकला. त्या वर्षीं २५ मार्चपासून सारा देश घरांत कोंडला गेला; आणि ज्या चित्रपटकलेला शंभर हातांवांचून एक पाऊल टाकतां येत नाहीं असें आपण समजत होतों, ती कलाहि दाराची कडी न काढतां चालूं लागली. नट एका शहरीं, दिग्दर्शक दुसऱ्या, चित्रें जुळविणारा तिसऱ्या, आणि परस्परांचें दर्शन केवळ हातांतल्या मोबाईलच्या कांचेवर! या प्रकाराचें त्या वेळीं फार कौतुक झालें. कौतुकाचा तो भर आतां ओसरला आहे. म्हणूनच त्यामागील नैतिक प्रश्न निवांतपणें पाहण्यास ही वेळ बरी. ‘असें करतां येतें काय?’ या प्रश्नाचें उत्तर मिळून चुकलें आहे. ‘असें करतांना आपण कोणाचें काय देणें लागतों?’ या प्रश्नाचा विचार मात्र मागें राहिला.

उदाहरण घ्यावयाचें तें पुष्कळांनीं पाहिलेलेंच घ्यावें. ६ एप्रिल २०२० रोजीं, म्हणजे टाळेबंदीस दोन आठवडेहि पुरे झाले नसतां, ‘फॅमिली’ नांवाचा सुमारें साडेचार मिनिटांचा लघुपट दूरचित्रवाणीवर दाखविण्यांत आला. दिग्दर्शन प्रसून पांडे यांचें होतें. अमिताभ बच्चन यांचा काळा चष्मा सांपडत नाहीं आणि घरांतलीं माणसें तो शोधूं लागतात, एवढेंच त्याचें कथानक. परंतु हें घर म्हणजे एकच घर नव्हतें. रजनीकांत, मामूटी, मोहनलाल, चिरंजीवी, प्रसेनजित चटर्जी, शिवराजकुमार, दिलजित दोसांझ, रणबीर कपूर, आलिया भट, प्रियांका चोप्रा आणि आपल्या मराठीच्या सोनाली कुलकर्णी हीं सारीं आपापल्या घरींच होतीं, आणि एकाच बैठकींत बसल्याप्रमाणें निरनिराळ्या भाषांत बोलत होतीं. कृष्णधवल चित्रणानें भिंतींचे रंग बुजविले. एकाची नजर जेथें संपते तेथून दुसऱ्याची सुरू व्हावी अशा बेतानें तुकडे जोडले. आणि अनेक घरांचें मिळून एक घर तयार झालें. शेवटीं बच्चन स्वतःच प्रेक्षकांस सांगतात कीं, यांपैकीं कोणीहि घराबाहेर पडलेलें नाहीं. मग ते या खटाटोपाचा हेतु सांगतात. चित्रपटधंद्यांत रोजंदारीवर राबणारे जे कामगार काम थांबल्यामुळें निराधार झाले, त्यांच्यासाठीं हा पट होता. अशा एक लाख कुटुंबांस महिन्याचा शिधा पुरविण्याची योजना त्याला जोडलेली होती.

या प्रकारावर पहिला आक्षेप येतो तो सत्याच्या बाजूनें. जीं माणसें भेटलींच नाहींत तीं भेटल्याचें दाखविणें ही प्रतारणा नव्हे काय? आक्षेप ऐकण्यास बिनतोड वाटतो. पण चित्रपटकलेचा इतिहास पाहिला तर तो फार उशिरां सुचलेला ठरतो. रशियांत १९२० च्या सुमारास लेव कुलेशोव्ह या दिग्दर्शकानें मॉस्कोच्या निरनिराळ्या भागांत दोन माणसांचें चालणें टिपलें, त्यांत वॉशिंग्टनच्या श्वेतगृहाचें चित्र मिसळलें, आणि तीं दोघें भेटून त्या वास्तूकडे निघालीं आहेत असा भास प्रेक्षकांच्या मनांत उत्पन्न केला. जगाच्या कोणत्याहि नकाशावर नसलेली ही भूमि केवळ कात्रीच्या पोटीं जन्मली होती. तेव्हांपासून ही युक्ति चित्रपटाच्या हाडींमांसीं खिळलेली आहे. पडद्यावर संवाद करणाऱ्या दोघांपैकीं एकाचा चेहरा सकाळीं आणि दुसऱ्याचा दुपारीं टिपलेला असूं शकतो. एकाचे डोळे भरून येत असतां दुसरा घरीं जेवावयास बसलेला असूं शकतो. महामारीनें हें अंतर नव्यानें आणलें नाहीं. पूर्वीं जें दोन प्रहरांचें होतें तें दोन शहरांचें केलें, इतकेंच.

सोलापूरकरांस याहून जवळचा दाखला आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० सालीं सोलापुरांत जन्मले. १९३८ सालीं काँग्रेसनें चीनमध्यें पाठविलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांतून ते गेले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं तेथेंच निवर्तले. त्यांच्या जीवनावर व्ही. शांताराम यांनीं १९४६ सालीं ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. कोटणीसांची भूमिका स्वतः शांतारामांनीं केली आणि त्यांच्या चिनी पत्नीची जयश्री यांनीं. पडद्यावरचा चीन आपल्याच भूमीवर उभारलेला होता. या लटक्या चीनबद्दल कोणी तक्रार करूं लागला तर आपण त्यास अरसिक म्हणूं, आणि तें योग्यच होईल. परंतु त्याच चित्रपटांत कोटणीसांना प्लेगनें मरण आलेलें दाखविलें आहे. वस्तुतः त्यांस अपस्माराचे झटके येत असत आणि त्यांतच त्यांचा अंत झाला. हीं दोन असत्यें एका जातीचीं नव्हेत. पहिलें पडद्याच्या कापडाचें आहे, त्यानें कोणाचें कांहींच हिरावून घेतलें जात नाहीं. दुसरें एका माणसाच्या आयुष्याचें आहे. अपस्मारासारख्या दुखण्याशीं झगडत रुग्णांची सेवा करीत राहणें हा त्या डॉक्टरचा स्वतःचा, अगदीं एकाकी पराक्रम होता. कथेला शोभेसें मरण देतांना तो झांकला गेला.

यांतून आपणांस एक कसोटी मिळते. कलेंत अंतर झांकणें हें असत्य नव्हे. कोणाचा वाटा झांकणें हें असत्य होय. या कसोटीस लावलें तर ‘फॅमिली’ तील भेटीगांठीचा देखावा निर्दोष ठरतो. कारण अंतर झांकण्याची कला दाखवून झाल्यावर कर्त्यांनीं तें अंतर आपण होऊन उघडें करून दाखविलें. परंतु वाट्याचा प्रश्न तेथें सुटत नाहीं. तो तेथें सुरू होतो.

‘घरच्या घरीं एकट्यानें केलेला चित्रपट’ असें ज्यास त्या काळीं म्हटलें गेलें, तो बहुधा एकट्याचा नसे. कोणीतरी मोबाईल स्थिर धरलेला असे. कोणीतरी पंखा बंद करून घामांत उभें असे. कोणीतरी कुकरची शिटी होऊं नये म्हणून स्वयंपाक लांबवीत असे आणि पोरांस दुसऱ्या खोलींत गप्प बसवीत असे. आपल्याकडील चित्रपटाचा उगमहि असाच घरांत झालेला आहे. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ च्या सुमारास वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेत टिपली आणि त्या चिमुकल्या पटाच्या जोरावर भांडवल मिळविलें. पुढें १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ च्या वेळीं सरस्वतीबाई फाळके फिल्मला भोंकें पाडीत, रसायनें मिसळीत, आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकहि रांधीत. या श्रमास ‘पत्नीचें साहाय्य’ असें मोघम नांव देऊन इतिहास पुष्कळ काळ मोकळा झाला. घर ही जागाच अशी आहे कीं, तेथें झालेलें काम हें काम म्हणून मोजलेंच जात नाहीं. म्हणून घरीं बसून चित्रपट करणाऱ्यावर पहिलें ऋण असेल तर तें घरच्यांचें, आणि तें फेडण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्यांचीं नांवें पडद्यावर घालणें. हें सुचण्यास फार मोठी प्रतिभा लागत नाहीं. न सुचण्यास मात्र फार जुनी संवय लागते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सहवासावांचून झालेल्या कामास सामूहिक म्हणावें काय? याचें उत्तर सोलापुरास विचारावें. कारण ‘घरून काम’ हा जो शब्दप्रयोग २०२० मध्यें सुशिक्षितांच्या तोंडीं नव्यानें आला, तो येथील पूर्व भागांत पिढ्यान् पिढ्या जगला गेला आहे. विडी वळणारी बाई कारखान्यांतून पान, तंबाखू आणि सूत घेऊन घरीं येते, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळीत बसते, आणि तयार विड्या मोजून देऊन येते. चादरीचेंहि थोड्याफार फरकानें असेंच. सूत रंगविणारा एक, कांड्या भरणारी दुसरी, मागावर उभा राहणारा तिसरा. आणि थंडीच्या रात्रीं ती पांघरणारा यांपैकीं कोणासच ओळखीत नाहीं. तरी चादर एक असते आणि तिच्यांत सर्वांचे हात असतात. तेव्हां सहवास नाहीं म्हणून सामूहिकता नाहीं, असा सिद्धांत करतां येणार नाहीं. दूर दूर बसलेल्या माणसांच्या हातून एकसंध वस्तु खुशाल निर्माण होते.

निर्माण होत नाहीं तो माणसांचा मेळ. शेजारच्या गल्लींतल्या बाईस हजारीं काय मजुरी पडली, तिच्या किती विड्या ‘छाट’ म्हणून बाद झाल्या, हें विडी वळणारणीस घरांत बसून कळत नाहीं. तें कळतें कारखान्याच्या दारांत रांगेस उभें राहिल्यावर. तक्रारीचा शब्द प्रथम उच्चारला जातो तो त्या रांगेंत, आणि एकीची तक्रार सगळ्यांची होते तीहि तेथेंच. देशाच्या विधिमंडळानें १९६६ सालीं विडीकामगारांसाठीं कायदा करून घरीं विड्या वळणाऱ्यांस स्पष्टपणें त्याच्या कक्षेंत घेतलें. तोंपर्यंत त्यांचें कामगारपण हाच वादाचा विषय होता. जो नजरेस पडत नाहीं त्याचा हक्कहि सहसा नजरेस पडत नाहीं, हा या शहराचा अनुभव आहे. चित्रीकरणाच्या जागेसहि हीच गोष्ट लागू आहे. तेथें नट, दिग्दर्शक, दिवा धरणारा आणि चहा देणारा पोऱ्या हे एका छपराखालीं येतात. त्यांच्यांत समता नसते, पण दृष्टिभेट असते. नटाचें वाक्य पोकळ निघालें तर तें दिवा धरणाऱ्याच्या निर्विकार चेहऱ्यावर त्यास वाचतां येतें. आणि दिवा धरणारा उपाशी असला तर तें कधींमधीं नटालाहि दिसतें. दूरस्थ कामांत हें दोन्ही बाजूंचें पाहणें थांबतें. चित्र निर्दोष उतरेल. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यामधला बांध मात्र एक वीत उंच होईल.

आतां आपण प्रश्नाच्या गाभ्याशीं आलों. ‘फॅमिली’ हा पट ज्यांच्यासाठीं केला गेला, ते कोण? दिवे उचलणारे, रूळ अंथरणारे, कपड्यांस इस्त्री करणारे, चहा फिरविणारे. आणि तो पट कसा केला गेला? यांपैकीं एकाचेंहि साहाय्य न घेतां. ज्यांना मदत करावयाची, त्यांच्यावांचून आपलें अडत नाहीं हें जगास दाखवूनच ती मदत उभारली गेली! यांत कोणाचा कावा होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्या दिवसांत कामगारांस जमविणें म्हणजे त्यांस रोगाच्या तोंडीं देणें होतें. आणि पट केलाच नसता तर त्यांच्या चुली पेटण्यास तेवढाच उशीर झाला असता. तरीहि पेंच उरतोच. त्या शिध्यानें कामगाराच्या घरीं धान्य आलें, पण त्याच क्षणीं त्याचें नातें बदललें. काल जो मजुरी मागण्याचा अधिकारी होता तो आज उपकार घेणारा झाला. कुटुंब या शब्दांत माया आहे, पण हिशेब नाहीं. आणि मजुरास मायेइतकीच हिशेबाचीहि गरज असते.

हा पेंच सोडविण्यास आपल्या परंपरेनें एक शब्द दिला आहे: आपद्धर्म. तो पुष्कळ ऐकिवांत आहे, परंतु त्याचा उपयोग बहुधा सवलत मागण्यासाठीं होतो. त्याची मर्यादा छांदोग्य उपनिषदांतील उषस्ति चाक्रायणाच्या कथेंत जितकी रेखीव आहे तितकी क्वचितच दुसरीकडे आढळेल. कुरुदेशांतील पिकें नष्ट झालीं असतां हा विद्वान् ब्राह्मण भुकेनें व्याकुळ होऊन एका माहुताकडे जातो. माहूत कुळथासारखें हलकें कडधान्य खात असतो. त्याच्याजवळ त्या उष्ट्या अन्नावांचून दुसरें कांहीं नसतें. उषस्ति तेंच मागून घेतो आणि खातो. मग माहूत त्याच्यापुढें पाणी करतो, तें मात्र तो नाकारतो. कारण तें उष्टें आहे. माहुतास नवल वाटतें: अन्नहि उष्टेंच नव्हतें काय? उषस्तीच्या उत्तराचा आशय असा कीं, अन्न खाल्लें नसतें तर मी जगलों नसतों; पाणी मला इच्छेप्रमाणें अन्यत्र मिळतें. उष्ट्याखरकट्याच्या त्या जुन्या कल्पना आज आपणांस मान्य असोत वा नसोत, त्यांतला तर्क मात्र जुना झालेला नाहीं. संकटानें जें क्षम्य केलें तें संकटापुरतेंच क्षम्य असतें. आणि संकटाची सीमा नियमाच्या पुस्तकांत सांपडत नाहीं, ती पाण्याच्या प्रत्येक घोटागणिक स्वतःस विचारावी लागते.

या दृष्टीनें पाहतां एप्रिल २०२० मधला तो लघुपट म्हणजे उषस्तीचें अन्न होय. दूर राहणें हाच त्या वेळीं शेजारधर्म होता. कामगारांस न बोलावणें हेंच त्यांस जपणें होतें. परंतु दारें उघडल्यावर, रोग ओसरल्यावर, एखादा निर्माता असा विचार करूं लागला कीं, ‘तेव्हां दिवेवाल्यावांचून भागलें, मग आतां कां भागूं नये?’ तर तो पाणी पीत आहे असें खुशाल समजावें. त्याचें यंत्र नवें असेल, त्याची काटकसर खरी असेल, आणि कायद्यानेंहि त्यास अडविलें नसेल. फक्त संकटाचें नांव घेण्याचा अधिकार त्यास उरलेला नाहीं. कामगार कमी करावयाचे तर त्यानें तें आपल्या नफ्याच्या नांवानें करावें आणि त्याचा जाब त्या नांवानें द्यावा. महामारीच्या नांवानें करूं नये. हा इशारा एकट्या चित्रपटधंद्यास नाहीं. शाळा, कचेऱ्या, न्यायालयें, जेथें जेथें त्या वर्षीं अंतराची सोय केली गेली, तेथें तेथें ती सोय आतां कोणाच्या सोयीची राहिली आहे, हें विचारणें प्राप्त आहे.

याच विचाराची आणखी एक बाजू आहे. घरांत बसून चित्रण करावयाचें तर आधीं घर हवें, आणि त्यांत कॅमेरा ठेवण्यास रिकामा कोपरा हवा. सोलापुरांतल्या विडीकामगार स्त्रियांनीं वर्षानुवर्षें लढून कुंभारीजवळ गोदूताई परुळेकर यांच्या नांवानें दहा हजार घरांची वसाहत उभी केली. या शहराच्या इतिहासांतील ती अभिमानाची गोष्ट आहे. पण जेथें राहणें, रांधणें आणि विड्या वळणें एकाच जागीं चालतें, तेथें टाळेबंदींत कॅमेरा कोणत्या कोपऱ्यांत ठेवला असता? पान-तंबाखू बंद झाल्यावर रिकामें पडलेलें सूप कोणी टिपलें असतें? घरून केलेल्या चित्रपटांत जगाचें जें दर्शन घडलें, तें ज्यांस घरांत राहणें परवडलें त्यांचें घडलें. दोष नटांचा नव्हे. दोष अंतराचा आहे. अंतर रोगापासून वांचवितें, पण तें ज्ञान देत नाहीं.

म्हणून या संदर्भांत सोलापूर जिल्ह्यांतीलच एका कलावंताची कृति आठवते. करमाळा तालुक्यांतील जेऊरचे नागराज मंजुळे यांची ‘वैकुंठ’ ही छोटी चित्रकथा जानेवारी २०२२ मध्यें, ‘अनपॉज्ड: नया सफर’ या पांच कथांच्या मालेंत प्रदर्शित झाली. तिचा नायक महामारींत प्रेतांस अग्नि देणारा स्मशानांतला कामगार आहे, आणि ती भूमिका मंजुळे यांनीं स्वतःच केली आहे. त्याचा बाप रुग्णालयांत आहे. आणि तो हें काम करतो म्हणून भीतीनें त्यास राहत्या घरांतून बाहेर काढण्यांत येतें. साऱ्या देशास घरांत राहण्याचा उपदेश चालू असतां या माणसाचें काम त्यास घराबाहेर ठेवतें, आणि त्याच कामामुळें त्याचें घर जातें. प्रेतास दुरून अग्नि देतां येत नाहीं; कोणीतरी जवळ उभें राहावेंच लागतें. इतरांचें दूर राहणें हें अशा कोणाच्या तरी जवळ जाण्यावर उभें होतें, हें सत्य घरांत बसलेल्या कॅमेऱ्यास दिसणें शक्य नव्हतें. तें पाहण्यास कॅमेऱ्यालाहि उंबरठा ओलांडावा लागला.

कोटणीस चीनला गेले तेव्हां तेहि एका अर्थीं हेंच करीत होते. त्या दूरच्या देशासाठीं घरीं बसून निधि जमवितां आला असता, आणि तसा जमविणाऱ्यांचेंहि कार्य थोरच होतें. पण जखम बांधण्यास हात जखमेपाशीं न्यावा लागतो. दूरचें साहाय्य आणि जवळची सेवा यांत श्रेष्ठकनिष्ठ भाव करण्याचें कारण नाहीं. मात्र पहिल्यानें दुसरीची जागा घेतली असें समजण्याचा मोह आवरला पाहिजे.

एकत्र न येतां एकत्र काम होतें, हें २०२० नें सिद्ध केलें. सोलापुरास तें पूर्वींच ठाऊक होतें. त्याबरोबरच सोलापुरास हेंहि ठाऊक होतें कीं, असें काम झाल्यावर कोणीतरी दारांत येऊन मोजणी मागतो, आणि ती देण्याची वेळ टाळतां येत नाहीं. त्या वर्षीं दूर बसून ज्यांनीं चित्रपट केले, खटले चालविले, वर्ग घेतले, त्या सर्वांकडे ही मोजणी अजून थकलेली आहे. ज्यांचे हात लागले त्यांचीं नांवें सांगावयाचीं आहेत. ज्यांस तात्पुरतें दूर ठेवलें त्यांस परत बोलवावयाचें आहे. आणि जे कधींच दूर राहूं शकले नाहींत, त्यांच्याजवळ जाऊन पाहावयाचें आहे. माहुताच्या अन्नानें उषस्तीचे प्राण वांचले यांत लाज कांहींच नव्हती. पाण्याचें भांडें समोर आल्यावर त्यानें हात आवरला, म्हणूनच आपण त्याची गोष्ट आजहि सांगतों.